दुसरी पाळी सुटल्यावर

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये माझ्या एका कोर्समेटचं घर आहे. तो स्वतः सध्या ईशान्येकडे, घरी त्याचे वडील एकटेच. माझं पोस्टिंग रायपूरच्या बाजूला झालं तेव्हा त्याने फोनवर एवढंच सांगितलं, "बाबांकडे जाऊन ये. पुस्तक घेतल्याशिवाय ते तुला सोडणार नाहीत."

काका मूळचे वर्ध्याचे. 1973 साली भिलाई इस्पात कारखान्यात लागले, रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये 37 वर्षं काढली आणि 2010 मध्ये निवृत्त झाले. आपण ज्या रुळांवरून रजेवर घरी जातो त्यातले कित्येक या मिलमधून निघालेले. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी 1955 मध्ये करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्यासोबत आखीव गाव आलं : सेक्टर, क्वार्टर, रुंद रस्ते, झाडं. सेक्टर 9 मध्ये मोठं हॉस्पिटल आणि सेक्टर 10 मध्ये कारखान्याची नावाजलेली शाळा. संध्याकाळी इथे फिरायला निघालात तर पाठीवर दप्तरं घेऊन क्लासला निघालेल्या मुलांच्या सायकलींतूनच वाट काढावी लागते.

काकांच्या व्हरांड्यात दोन लोखंडी कपाटं आहेत. आत मराठी पुस्तकं, थोडी हिंदी, जुने दिवाळी अंक. बाजूला पेटी, एक सतरंजी, आणि खिळ्याला दोरीने बांधलेलं रजिस्टर. मी ते चाळलं. बहुतेक नोंदींच्या पुढे वेळ लिहिली होती : 10.40, 10.55, 11.10. मी विचारलं, "काका, सकाळच्या वेळा आहेत का?"

"रात्रीच्या," काका म्हणाले. "दुसरी पाळी दहाला सुटते ना बाप्पा."

या लेखाचा विषय एवढाच आहे. वाचनालयं ज्या वेळी बंद होतात नेमक्या त्याच वेळी काही माणसांना त्यांची गरज असते. ती दारं कधीमधी तरी त्या वेळी उघडी ठेवावीत, आणि आत पुस्तकांसोबत थोडं गाणं, थोडं चित्र, थोडी स्वस्थता असावी, असं माझं मत आहे. ते ऐकीव नाही. त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला, ते पुढे सांगतो.

आधी पाळीचं गणित. झोतभट्टी रात्री झाकून ठेवता येत नाही, म्हणून पोलादाचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो : सकाळी 6 ते 2, दुपारी 2 ते 10, रात्री 10 ते 6. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी घर सोडतो तेव्हा मुलं शाळेत, आणि परततो तेव्हा मुलं झोपलेली. अंगात धग असते, कानात मिल असते, झोप लगेच येत नाही. छत्तीसगडमध्ये दारूच्या दुकानालाही भट्टीच म्हणतात. काका म्हणाले, "एका भट्टीतून सुटायचं आणि दुसऱ्या भट्टीवर जायचं, हा रस्ता फार सरळ होता. आमच्यातले चांगले चांगले फिटर त्या रस्त्याने गेले. मग मी म्हटलं, मधे एक थांबा करू."

तो थांबा म्हणजे हा व्हरांडा. शनिवारी रात्री दुसऱ्या पाळीचे चारसहा लोक यायचे. कुणी पुस्तक बदलायचं, कुणी पेटी ओढायचं. एक वेल्डर खडूने फरशीवर चित्रं काढायचा, सकाळी काकू ती पुसायच्या. चहा व्हायचा. कुणी कुणाला "बरा आहेस ना?" असं विचारायचं नाही. साडेअकराला सतरंजी गुंडाळायची. ही बैठक 20 वर्षांहून जास्त चालली. आजकाल अशा संध्याकाळींना 'वेलबीइंग' म्हणतात असं मी सांगितलं तर काका हसले. "आम्ही त्याला शनिवार म्हणायचो."

आता माझी गोष्ट. मी युनिटमध्ये ॲडज्युटंट असताना आमच्याकडे एक इन्फर्मेशन रूम होती. भिंतीवर नकाशे, दोन रॅक पुस्तकं, वर्तमानपत्रं, एक कॅरम. त्या कॅरमवरून एका रात्री दोघांची बाचाबाची झाली. ॲडज्युटंट तरुण असला की त्याला प्रत्येक प्रश्नावर ऑर्डर काढावीशी वाटते. मीही काढली : रूम 1800 वाजता बंद, किल्ली क्वार्टर गार्डमध्ये. प्रश्न सुटला असं मला वाटलं. शिस्तीचं काम झालं, वीजही वाचली.

त्या खोलीत रोज संध्याकाळी एक हवालदार बसायचा, सातारा जिल्ह्यातला. तो वाचत नसे. मासिकांतली चित्रं पेन्सिलीने वहीत उतरवत असे : बैल, मोटारी, एखाद्या नटीचा चेहरा. खोली बंद झाली तसा तो पाण्याच्या टाकीपाशी एकटा बसू लागला. हे मला माहीत नव्हतं, सुभेदार साहेबांना होतं. दीड महिन्याने एका पहाटे तो लाइनमधून न सांगता निघून गेला. चौथ्या दिवशी स्वतःच परत आला. घरी भावकीत जमिनीचा दावा, बायको आजारी, आणि महिनाभर झोप नाही. नियमाप्रमाणे त्याला शिक्षा झाली. मी त्याला विचारलं, "माझ्याकडे का नाही आलास?" तो म्हणाला, "काय सांगायचं ते समजत नव्हतं, साहेब. तिथं बसलं की रात्री झोप लागायची, एवढंच माहीत होतं."

कुलूप लावलं म्हणून तो गेला असं मी म्हणत नाही. जमिनीचा दावा माझ्या कुलपाने उभा राहिला नव्हता. पण त्याने स्वतःसाठी एक उपाय शोधला होता, कुणालाही त्रास न देता, सरकारचा एक पैसा न घेता. तो उपाय मी एका ओळीच्या ऑर्डरने काढून घेतला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. ही बोच अजून आहे.

पुढे माझ्या हातात कंपनी आली तेव्हा मी गुरुवारची संध्याकाळ लायब्ररीसाठी ठेवली. पहिल्या गुरुवारी काय व्हावं? रोल कॉलला घोषणा झाली आणि सिनियर जेसीओ साहेब 40 जवानांना तीन रांगांत मार्च करत घेऊन आले. सगळे सावधान बसून मासिकं धरून होते. ढोलकीवाल्याला "वाजव" असा हुकूम झाला आणि त्याने परेडच्या ठेक्यात ढोलकी वाजवली. मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. आपल्याकडे कुठलीही चांगली गोष्ट दोन दिवसांत परेड होते.

दुसऱ्या आठवड्यापासून मी चार गोष्टी ठरवल्या. कुणाला पाठवायचं नाही. हजेरी घ्यायची नाही. भाषण नाही, फोटो नाही. आणि साहेब आले तर उठायचं नाही. त्या दिवशी सहा जण आले. दोन महिन्यांनी पंधरावीस येऊ लागले. मंदिर परेडला जो शिपाई मान खाली घालून ढोलक वाजवतो तोच इथे डोळे मिटून वाजवायचा. एक लान्स नाईक घरी पत्र लिहायचा, मोबाइलच्या जमान्यात, कागदावर. विचारलं तर म्हणाला, "फोनवर भांडण होतं, साहेब. कागदावर होत नाही." युनिटमधल्या अडचणी त्याने संपल्या नाहीत. पण कुणाचं काय चाललंय ते सुभेदार साहेबांना आठवडाभर आधी कळू लागलं. फौजेत एका आठवड्याला फार किंमत असते.

'हे सगळं मनाचे खेळ' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा पुरावा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2019 मध्ये कला आणि आरोग्य या विषयावर एक अहवाल काढला. त्यात 3,000 हून अधिक अभ्यासांचा आढावा आहे. आजार होऊ नये म्हणून, आणि झालेला आजार सोसताना आणि सावरताना, गाणं, चित्र, वाचन, नृत्य यांचा हातभार लागतो असं तो सांगतो. आणि फौजांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. पहिलं महायुद्ध पेटलं त्याच वर्षी, 1914 मध्ये, लंडनमध्ये जखमी सैनिकांसाठी पुस्तकं गोळा करून इस्पितळांत पाठवणारी 'वॉर लायब्ररी' सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैनिकांच्या खिशात मावतील अशी आडवी, हलकी पुस्तकं छापली : 1943 ते 1947 या काळात 1,322 पुस्तकं, मिळून 12 कोटींहून जास्त प्रती. जहाजाच्या प्रत्येक टनाचा हिशोब चालू असताना त्यांनी कादंबऱ्यांना जागा दिली. दारूगोळ्याची टंचाई असताना कुणी लाडाकोडासाठी अशी जागा देत नाही.

आणि हे परक्यांचं फॅड नाही. मुंबईच्या काळा घोड्याजवळचं डेव्हिड ससून ग्रंथालय आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलेलं असतं. त्याचं मूळ 1847 मध्ये आहे, आणि ते सुरू केलं टांकसाळ आणि सरकारी गोदी इथल्या तरुण मेकॅनिक आणि फोरमन लोकांनी. म्हणजे काकांच्याच जातकुळीची माणसं. हातांना काजळी लागणाऱ्यांना पुस्तकांची गरज असते हे त्यांना कुणी शिकवायला आलं नव्हतं. आज काळा घोडा कला महोत्सवात याच ग्रंथालयाच्या मागच्या बागेत संध्याकाळी कविता आणि गप्पांच्या बैठका रंगतात, आणि त्यामुळे ग्रंथालयाचं गांभीर्य काही कमी झालेलं नाही. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचा जन्म 1840 चा, आणि त्याच्या आवारात नाट्यगृह आहे. पुस्तक आणि रंगमंच एका छपराखाली नांदू शकतात हे आपल्या शहरांनी कधीच मान्य केलं आहे.

छत्तीसगडला तर हे सांगायलाच नको. 1956 मध्ये खैरागडच्या राजदांपत्याने आपला राजवाडा देऊन टाकला आणि तिथे संगीत आणि ललित कलांचं अख्खं विद्यापीठ उभं राहिलं, इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई हातात तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या आणि जी पंडवानी बायकांनी बसूनच गायची असा रिवाज होता ती त्यांनी उभ्याने गाजवली. त्यांना नोकरी दिली ती भिलाईच्या याच कारखान्याने. 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पोलाद गाळणाऱ्यांना गाण्याची किंमत कळत होती म्हणूनच ना?

मराठी माणसाचं इथलं नातंही याच वाटेवरचं. नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथे तलवारीने आली. पण आज इथे आदराने आठवतात ती दोन मराठी नावं कागदाची आहेत. माधवराव सप्रे यांनी 1900 मध्ये पेंड्रा इथून 'छत्तीसगढ मित्र' काढलं आणि पुढे 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेलं. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून शेजारच्या राजनांदगावात प्राध्यापक होते. ते हिंदीतले मोठे कवी, आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीतले. काकांच्या कपाटात दोघे भाऊ एकाच फळीवर आहेत.

आता आक्षेप. मला ते ठाऊक आहेत, कारण मी स्वतः ते ॲडज्युटंट म्हणून घेतले असते.

पहिला : वाचनालय शांततेसाठी असतं, तिथे पेटी कशाला? स्पर्धा परीक्षेची मुलं बसलेली असतात. बरोबर आहे. म्हणूनच मी 'वेळ संपल्यावर' म्हणतो. दिवसभर शांतता पाळा, आणि महिन्यातले दोन शनिवार रात्री तासदीड तास ती सैल करा. आणि ज्या मुलांसाठी शांतता जपायची, त्यांनाही त्या रात्री तासभर पुस्तक मिटू द्या. सेक्टर 10 च्या त्या सायकलींवरची मुलं पंधरासोळा वर्षांची आहेत आणि त्यांचा दिवस कारखान्याच्या पाळीपेक्षा लांब आहे. मी एनडीएत होतो तेव्हा आमचा दिवसही लांब होता, पण संध्याकाळच्या छंदांना वेळापत्रकात हक्काची जागा होती. अठरा वर्षांच्या कॅडेटला कणखर बनवायला निघालेल्या संस्थेलाही ती जागा गरजेची वाटली.

दुसरा : खर्च आणि सुरक्षा. एक ट्यूबलाइट, एक चहाचं भांडं, एक जबाबदार माणूस. निवृत्त माणसांची आपल्याकडे वाण नाही. किल्ली सांभाळायला 15 ते 30 वर्षं शस्त्रागाराच्या किल्ल्या सांभाळलेला माजी सैनिक मिळाला तर आणखी काय हवं? माजी सैनिक वाचकांना मी हे मुद्दाम सांगतोय. निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरीच आपल्या वाट्याला का यावी? गावातल्या वाचनालयाची रात्रीची किल्ली मागून घ्या. बाहेर पडल्यावर आपल्यालाही दुसरी पाळी सुटल्यासारखंच होतं. अंगात धग, कानात आवाज, आणि जायला जागा नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे : अशाने आजार झाकला जातो, माणसाला डॉक्टरकडे न्यायचं सोडून लोक पेटी ऐकवत बसतील. यावर माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडालीय, ज्याच्या मनात जीव द्यायचे विचार येतात, त्याला गाण्याची नाही, उपचाराची गरज आहे. केंद्र सरकारची टेली मानस सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर आहे, आणि सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत सुरू झाला. हा क्रमांक वाचनालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे कुणी न पाहता टिपून घेता येईल. पण त्या क्रमांकापर्यंत पोचण्याआधी माणूस कुठेतरी बसलेला असतो. तो पाण्याच्या टाकीपाशी एकटा बसावा की चार माणसांत, उजेडात, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आणि एक इशारा माझ्याकडून. हे कराल तर त्याचा 'उपक्रम' करू नका. बॅनर, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे आणि आभारप्रदर्शन आलं की ज्याच्यासाठी हे करायचं तो माणूस दारातूनच परत जातो. फोटो निघणार असेल तर तो येणारच नाही, कारण आपण तिथे का जातो हे त्याने अजून स्वतःलाही सांगितलेलं नसतं. आकडे मागू नका. सहा आले तर सहा.

काका आता भिलाई सोडताहेत. काकू गेल्याला तीन वर्षं झाली, गुडघे साथ देत नाहीत, मुलगी नागपूरला बोलावतेय. प्रश्न कपाटांचा आहे. पुस्तकं फुकट द्यायची त्यांची तयारी आहे, अट एकच : आठवड्यातून एक दिवस रात्री साडेदहाला दार उघडं हवं. त्यांनी दोन ठिकाणी विचारलं. दोन्हीकडे पुस्तकांचं स्वागत झालं, अटीला नकार मिळाला. एकाने तर विचारलं, "रात्री साडेदहाला वाचायला कोण येतं?" काकांनी त्याला रजिस्टर दाखवलं. तो म्हणाला, "ते जुनं झालं."

कारखाना मात्र आजही तीन पाळ्यांत चालतो. भिलाईच्या पोलादाच्या प्लेटा आयएनएस विक्रांतला लागल्या, ती युद्धनौका 2 सप्टेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली. त्या प्लेटा ज्यांनी लाटल्या त्यातलेही काही जण रात्री दहालाच सुटले असतील. पाळी जुनी झालेली नाही.

एक कपाट मी मागून घेतलं. पुढच्या रविवारी भाड्याचा छोटा हत्ती सांगितला आहे. सरकारी गाडी नाही, हे ऑडिटवाल्या वाचकांनी नोंदवून घ्यावं. युनिटमध्ये ते लायब्ररीत लागेल आणि गुरुवारी रात्री उघडं राहील. दुसरं कपाट अजून व्हरांड्यातच आहे. भिलाईत, दुर्गमध्ये किंवा रायपूरला कुणाकडे खोली असेल, आणि काकांची अट पाळायची तयारी असेल, तर मला कळवा. पेटी दुसऱ्या कपाटाबरोबर जाईल असं काकांनी ठरवलंय.

निघताना मी रजिस्टरमध्ये सही केली. काकांनी चष्मा लावून ती तपासली आणि वही परत माझ्याकडे सरकवली.

"वेळ लिही."

भिंतीवरच्या घड्याळात 10.50 झाले होते. मी तेवढे लिहिले.